यांत्रिक भाषांतर : नियमाकडून संग्रहाकडे

जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे आय. बी. एम.च्या गणकयंत्राने ६० हून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करून दाखविले. त्यामागे २५० शब्द व व्याकरणाचे ६ नियम एवढीच सामग्री होती. त्यातून उपजलेल्या अपेक्षा फलद्रूप झाल्या नाहीत. १९६६ च्या ‘आल्पाक’ समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर अमेरिकेतील सरकारी साहाय्य आटले. १९९० च्या सुमारास आय. बी. एम.च्याच संशोधकांनी व्याकरणाऐवजी कॅनडाच्या संसदेतील द्विभाषिक वृत्तांतांच्या संग्रहाचा आधार घेतला. २०१७ मधील ट्रान्सफॉर्मर रचनेने तोच मार्ग प्रशस्त केला. नियम एखादा व्याकरणकारही लिहू शकतो. संग्रह मात्र समाजाच्या दीर्घ लेखनव्यवहारातूनच साठतो. म्हणून ज्या भाषांचे लिखित धन अल्प, त्यांच्याकरिता असा संग्रह सिद्ध करणे, हे या विद्येचे पुढील कार्य होय.