सीटखालच्या पिशवीचा इतिहास

सायकलिंगवरच्या भागांना तुमचे जे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "सॅडलबॅगेत नक्की काय काय ठेवू?" याची यादी कुठल्याही व्हिडिओत दोन मिनिटांत मिळते. दोन ट्यूब, लिव्हर, मल्टिटूल, पॅच, पंप. पण या यादीत याच वस्तू का आल्या, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज यादी शेवटी. आधी गोष्ट सांगतो, आणि ती चांगली सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

सुरुवात अशा काळापासून करू जेव्हा पंक्चर हा प्रकारच नव्हता. १८८० च्या दशकातल्या सायकलींना भरीव रबराची चाकं असायची. हवा नाही, म्हणजे ट्यूब नाही, म्हणजे पंक्चर नाही. सीटमागच्या चामडी पिशवीत एखादा पाना आणि तेलाची कुपी असली की भागायचं. फक्त रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट मणक्यापर्यंत पोचायचा.

जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटिश माणूस बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर होता. १८८७ मध्ये त्याने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (पुढे लक्षात आलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती. डनलॉपचं पेटंट त्यापायी रद्द झालं, नाव मात्र त्याचंच राहिलं.) १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा रायडर ही जाडजूड चाकं लावून उतरला आणि चारही शर्यती जिंकला. त्यानंतर भरीव टायर संपलेच म्हणायचे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. झकास फीचर येतं आणि सोबत एक बग घेऊन येतं. इथला बग म्हणजे पंक्चर. आणि तो दुरुस्त करणं भयंकर होतं, कारण डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असायचा. १८८९ मध्ये असाच एक इंग्रज सायकलस्वार फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात पंक्चर घेऊन आला. टायर सोडवून दुरुस्त करायला तीनेक तास लागले आणि गोंद वाळायला सगळी रात्र. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिनने त्या सायकलवर चक्कर मारली आणि थोड्याच अंतरात टायर पुन्हा बसला! पण तेवढ्यात त्याला दोन गोष्टी कळल्या. हवेच्या टायरला पर्याय नाही, आणि रस्त्यात काढता येत नसेल तर तो टायर उपयोगाचा नाही.

१८९१ मध्ये मिशेलिनने काढता-घालता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत झाली, साधारण १२०० किलोमीटर, एका दमात. शार्ल तेराँ मिशेलिनच्या टायरवर होता, त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल डनलॉपवर. पंक्चर दोघांनाही झालं, दोघांचाही वेळ गेला, तरी भरीव टायरवाल्यांच्या ते खूप पुढेच राहिले. शेवटच्या रात्री जिएल-लावाल झोपलेला असताना तेराँ पुढे सटकला आणि ७१ तासांहून थोड्या जास्त वेळात जिंकला. आपल्या पिशवीतला पंक्चरचा संसार या दिवसांतला आहे. टायर रस्त्याकडेला बसून उघडता येतो म्हटल्यावर तो उघडायची हत्यारं जवळ ठेवणं आलंच.

इथवर हा सगळा सोयीचा मामला होता. त्याला नीतिमत्तेचा मामला केला तो आँरी देग्राँज या माणसाने. 'लोटो' या पेपरचा हा संपादक. पेपरचा खप वाढवायला त्याने १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू केली. साठ जण निघाले, एकवीस पोचले. देग्राँजच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की शर्यत माणसाची आहे, यंत्राची नाही. म्हणून वाटेत काही मोडलं तर रायडरने स्वतः दुरुस्त करायचं, कोणाची मदत घ्यायची नाही. गिअर बदलायच्या यंत्रालाही त्याचा विरोध. ते पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, असं त्याचं मत होतं. तूरमध्ये डिरेलर यायला १९३७ साल उजाडलं. तोवर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असायची. चढ आला की उतरायचं, चाकाचे नट सोडायचे, चाक उलटं करून बसवायचं आणि पुन्हा निघायचं.

खांद्यावरून छातीवर आठच्या आकड्यासारखे टायर गुंडाळलेल्या रायडरांचे जुने फोटो तुम्ही पाहिले असतील. ती फॅशन नव्हती. शर्यतीचे टायर रिमला चिकटवलेलेच असत, म्हणून अख्खा जादा टायर बरोबर न्यावा लागे. तेव्हाची सॅडलबॅग रायडरच्या अंगावरच असायची.

या नियमाची खरी किंमत यूजेन क्रिस्तॉफने मोजली. १९१३ ची तूर. बायोन ते ल्यूशाँ, पिरेनीज डोंगरातला ३२६ किलोमीटरचा टप्पा. एकूण आघाडीवर असलेला डफ्रे मागे पडला होता आणि तुर्मालेच्या घाटमाथ्यावर फिलिप तीसच्या मागोमाग पोचलेल्या क्रिस्तॉफच्या हातात अख्खी शर्यत येत होती. उतारावर त्याचा पुढचा फोर्क, म्हणजे आपला दुकानदार ज्याला चिमटा म्हणतो तो, मोडला. ट्यूब बदलून भागेल असं हे नव्हतं, आणि दुसरी सायकल घ्यायची परवानगी नव्हती. त्याने सायकल खांद्यावर घेतली, चाक हातात धरलं आणि घाट उतरून चालत सुटला. दहा किलोमीटरच्या वर चालल्यावर साँत-मारी-द-कांपाँ हे गाव आलं. वाटेत ज्यांना मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे निघून गेले होते.

गावात लोहाराची भट्टी होती. लोहार कसबी होता आणि काम करायला तयारही होता, पण त्याचा हात लागला असता तर क्रिस्तॉफ बाद. शर्यतीचे अधिकारी दारात उभे राहून लक्ष ठेवत होते. क्रिस्तॉफने स्वतः लोखंड तापवलं, ऐरणीवर ठोकलं, जोडलं. काही तास गेले. उभं राहून कंटाळलेल्या एका अधिकाऱ्याने भूक लागल्याचं सांगितलं, तेव्हा क्रिस्तॉफने त्याला कोळसा खायला सांगितलं, असं म्हणतात. मला हे खरंच वाटतं. मी असतो तर यापेक्षा वाईट काहीतरी बोललो असतो.

एका कामाला मात्र त्याचे हात कमी पडले. दोन्ही हातांत लोखंड धरलेलं असताना भाता कोण चालवणार? लोहाराकडच्या एका लहान मुलाने भाता मारला. त्याबद्दल क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड झाला. सुमारे चार तास आधीच गेलेल्या माणसाला वर दहा मिनिटं! पुढे दंड कमी केला म्हणे, पण तोवर शर्यत गेलेली होती. एवढं होऊनही तो उरलेले दोन घाट चढून त्या दिवशी मुक्कामाला पोचला. तूर तीसने जिंकली, क्रिस्तॉफ सातवा आला. १९१९ मध्ये इतिहासातली पहिली पिवळी जर्सी त्याला मिळाली, आणि शर्यत संपत आलेली असताना फोर्क पुन्हा मोडला. तूर तो कधीच जिंकला नाही. त्या गावात आज त्याच्या नावाची पाटी आहे आणि जगभरचे सायकलवाले तिथे थांबून फोटो काढतात. फोटो काढणाऱ्यांपैकी भात्यावरच्या पोराची आठवण किती जणांना होत असेल, कोण जाणे.

ही गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द आहेच. पण मला त्यात एक वाकडा नियमही दिसतो. स्वावलंबन चांगलं, शेजारी भट्टी पेटलेली असताना पोराच्या हाताला गुन्हा ठरवणं हे स्वावलंबन नव्हे.

रायडरही पुढे बोलू लागले. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आँरी पेलिसिए चिडून तूर सोडून गेला. कारण काय, तर जर्सी! सोबत घेऊन निघालेली कुठलीही वस्तू वाटेत टाकायची नाही असा नियम होता. पहाटेच्या थंडीत दोन जर्स्या घातल्या तर दुपारच्या उन्हातही दोन्ही शेवटपर्यंत न्यायच्या. एका अधिकाऱ्याने त्याच्या जर्स्या मोजल्या आणि ठिणगी पडली. त्याचा भाऊ आणि आणखी एक रायडर असे तिघे कुतांस गावात थांबले आणि आल्बेर लोंद्र या पत्रकारासमोर त्यांनी पिशव्या उघडल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्या. शर्यतीतल्या माणसाच्या पिशवीत काय असतं हे वाचकांना तेव्हा कळलं.

मग गाडी हळूहळू उलट्या दिशेने फिरली. १९३० पासून राष्ट्रीय संघ आले, सहकाऱ्याने सहकाऱ्याला मदत करणं चालू लागलं. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने संघनायक मान्यला आपलं चाक काढून दिलं आणि स्वतः दुसऱ्या चाकाची वाट बघत कठड्यावर बसून राहिला. तो फोटो प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी तर तो उलटा घाट चढून सायकल द्यायला गेला. मान्य जिंकला. पुढच्या काही दशकांत चाकं आणि सायकली घेऊन गाड्याच मागून धावू लागल्या. २०१६ मध्ये व्हाँतू डोंगरावर गर्दीत अडकलेल्या मोटरसायकलमुळे अपघात झाला. ख्रिस फ्रूमची सायकल मोडली आणि तो पिवळ्या जर्सीत चक्क पळत सुटला, तेव्हा पंचांनी वेळ दुरुस्त करून जर्सी त्याच्याकडेच ठेवली. १९१३ आणि २०१६ शेजारी ठेवून बघा.

आज तूरमधल्या सायकलीच्या सीटखाली पिशवी नसते, कारण ती मागच्या गाडीत असते. पिशवी उरली आपल्यासारख्यांकडे, आणि आपल्याकडे तिची परंपराही लहान नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ७१ हजार किलोमीटर करून १९२८ मध्ये परतले. मागे गाडी नाही, फोन नाही.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसही व्यावसायिकांनी १९५१ नंतर सोडली. आता ती हौशी लोकांची आहे: दर चार वर्षांनी, १२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास. त्याच घराण्यातल्या ब्रेव्हे राइड आज पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडे होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस. तिथला नियम मला देग्राँजच्या नियमापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. मागे स्वतःची गाडी आणायची नाही. घरच्यांनी मदत करायची तर फक्त चेकपॉइंटवर. पण रस्त्यावरचं दुकान, टपरी, पंक्चरवाला सगळ्यांसाठी खुला. म्हणजे भाता मारणारा पोरगा चालतो!

आता यादी. आपल्याकडे हायवेच्या कडेने चालवताना सर्वांत वाईट शत्रू म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा. नवीन ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी, पण जपून, चाचपा. तार तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते. म्हणून ट्यूब दोन, आणि त्याही गेल्या तर पॅच आणि सोल्यूशन. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आत सुकते, ती बदलत जा. लिव्हर दोन, मल्टिटूल आणि चेनची एक जादा क्विक लिंक. सीओटूचा सिलेंडर एकदाच चालतो, पंप कितीही वेळा. दोन्हीतलं एकच न्यायचं असेल तर पंप.

आणि एक पितळी अॅडॉप्टर. रोडबाइकला सहसा बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो. गावातल्या दुकानातला कॉम्प्रेसर असतो मोटरसायकलच्या व्हॉल्वसाठी. शेंगदाण्याएवढा हा तुकडा नसेल तर दुकानदाराची इच्छा असूनही त्याला हवा भरता येत नाही. असेल तर तो ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधून देतो, हवा भरून देतो आणि वर ही सायकल केवढ्याची हे विचारतो. खरं उत्तर द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

शेवटी दहा-वीसच्या चार-पाच नोटा. घाटात रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही. शिवाय आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो. टायरला चीर पडली तर नोट घडी करून आतून लावायची, मग ट्यूब बाहेर येत नाही आणि पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

चला, भेटू पुढच्या भागात.