दलित साहित्यविचार

दलित साहित्यविचार : दलित लेखनाचे स्वरूप, प्रयोजन आणि मूल्यमापनाचे निकष यांविषयी मराठीत विशेषतः १९५६ नंतर आकारास आलेला समीक्षाविचार. वाङ्मयीन निकष समाजातील उच्चनीचतेपासून अलिप्त नसतात, ही त्याची मूळ भूमिका होय.

पूर्वपीठिका : १८८५ मध्ये पुण्यातील ग्रंथकार सभेचे न्यायमूर्ती रानडे यांनी पाठविलेले निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले आणि शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क न मानणाऱ्यांच्या लेखनाशी आपल्या लेखनाचा मेळ बसणार नाही, अशी भूमिका पत्राद्वारे मांडली. ग्रंथनिर्मितीचा प्रश्न हक्कांच्या प्रश्नाशी जोडणारे हे पत्र या विचाराचा आरंभबिंदू मानले जाते.

जडणघडण : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय या विचाराचे प्रमुख केंद्र ठरले, कारण शिक्षणाच्या परंपरेतून वगळल्या गेलेल्या समाजांतील पहिल्या पिढीला वाचन, लेखन आणि वादविवाद यांसाठी हक्काची जागा तेथे मिळाली. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये झालेल्या बौद्ध धर्मांतराने या पिढीला धर्मग्रंथप्रामाण्य नाकारणारी मूल्यदृष्टी दिली. मुंबईत १९५८ मध्ये भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पुढे म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना करून विद्रोहाची संकल्पना मांडली, तर गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालील ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने नव्या लेखकांबरोबर त्यांचे समीक्षकही घडविले. नियतकालिकाचे हे कार्य कोणत्याही एका सिद्धांतग्रंथापेक्षा अधिक मूलगामी होय.

निकषांचा वाद : बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीला, म्हणजे घटकांमधील संवाद, विरोध व समतोल या संबंधांना, मध्यवर्ती स्थान आहे. अशा रूपनिष्ठ निकषांनी जातिव्यवस्थेच्या अनुभवाचे मोल पुरेसे जोखता येत नाही, असे दलित समीक्षकांनी प्रतिपादिले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या कवितासंग्रहाने हा प्रश्न तीव्र केला, कारण त्यातील जग पांढरपेशा वाचकाला इतके अपरिचित होते, की विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेला त्याची ओळख करून द्यावी लागली. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंदाऐवजी स्वातंत्र्य, समता, न्याय व बंधुता ही मूल्ये पायाभूत मानली. शरद पाटील यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांच्या विचारांच्या समन्वयातून अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली. स्वतंत्र सौंदर्यशास्त्राच्या आवश्यकतेबद्दल मतभेद आहेत.

संज्ञा : ‘दलित’ऐवजी ‘आंबेडकरवादी’, ‘बौद्ध’ अथवा ‘फुले-आंबेडकरी’ अशा संज्ञाही सुचविल्या गेल्या आहेत.

स्त्रीलेखन : बेबी कांबळे, ऊर्मिला पवार आदींच्या आत्मकथनांनी जात व पुरुषसत्ता यांचा एकत्र विचार करणे समीक्षेला भाग पाडले.