पांढरं आभाळ, काळं आभाळ

२०१४ ते २०१८च्या दरम्यान ज्यांनी मॅक वापरला, त्यांना योसेमिटी हे नाव चुकवणं शक्यच नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लागोपाठ चार आवृत्त्यांची नावं होती योसेमिटी, एल कॅपिटन, सिएरा आणि हाय सिएरा. म्हणजे कॅलिफोर्नियातली एक दरी, तिच्यातला एक कडा आणि ती दरी ज्या पर्वतरांगेत आहे ती रांग. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्या कित्येकांना हे खडक आधी वॉलपेपर म्हणून भेटले. ते खरोखर कुठेतरी उभे आहेत, हे नंतर कळलं.

हा आपल्या पिढीचा दोष आहे असं म्हणायचा मोह होतो. पण या दरीचा इतिहास वाचायला घेतला तर लक्षात येतं की इथे दीडशे वर्षांपासून हाच क्रम आहे : आधी फोटो, मग जागा. ही दरी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर ज्यानं सही केली, त्या अब्राहम लिंकननं ती कधीच पाहिली नव्हती.

काचेचे फोटो

कार्लटन वॉटकिन्सचा जन्म १८२९चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिओन्टा या गावातला. सोन्याच्या शोधात हजारो लोक कॅलिफोर्नियाला धावत होते, त्या लाटेत तोही तिकडे गेला. सोनं काही मिळालं नाही, फोटोग्राफी मिळाली. सुरुवातीची त्याची कामं अगदी रुक्ष होती. खाणमालकांना खाणींचे फोटो हवे असायचे. जमिनीच्या खटल्यात कोर्टापुढे पुरावा म्हणून फोटो लागायचे. म्हणजे जमीन नेमकी कशी दिसते हे दूर बसलेल्या माणसाला पटवून देणं हाच त्याचा धंदा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येते.

१८६१मध्ये तो योसेमिटीच्या दरीत शिरला. बरोबर डझनभर खेचरं आणि एक अवाढव्य कॅमेरा. त्यात १८ बाय २२ इंचांची काच बसायची, म्हणजे मध्यम आकाराच्या टीव्हीएवढी. इतकी मोठी कशाला? कारण तेव्हा निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायची सोय व्यवहारात नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छापायची. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो.

त्यात ही पद्धत ‘ओली’. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ते सगळीकडे सारखं पसरवायचं, मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली असेपर्यंतच, म्हणजे जेमतेम काही मिनिटं, तिच्यावर प्रकाश उमटतो. तेवढ्यात कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि धावत तंबूतल्या अंधारात नेऊन डेव्हलप करायची. वाळली की गेली. त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी आख्खी प्रयोगशाळा डोंगरावर चढवावी लागे. वर धूळ, ऊन आणि ईथरचा वास. आज आपण एका संध्याकाळी दोनशे फोटो काढून दोन ठेवतो. वॉटकिन्सनं त्या मोहिमेत मोठ्या काचेवर काढलेले फोटो होते तीस.

पण ते तीस पाहून लोक थक्क झाले. १८६२च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका नामांकित गॅलरीत ते लागले. तिकडे यादवी युद्ध चालू होतं, रोज माणसं मरत होती. आणि भिंतीवर होते शांत पाण्यात उलटे पडलेले कडे.

३० जून १८६४ रोजी लिंकननं योसेमिटी अनुदानाच्या कायद्यावर सही केली. दरी आणि मॅरिपोसाचं प्रचंड वृक्षांचं बन कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवलं गेलं. अट एकच : ही जागा लोकांच्या विहारासाठी कायमची राखायची, विकायची नाही. लिंकननं वॉटकिन्सचे फोटो पाहिले आणि सही केली, अशी गोष्ट आवडीनं सांगितली जाते. तिला ठोस पुरावा नाही. पण फोटो पूर्वेकडच्या वजनदार वर्तुळांत फिरत होते हे खरं, आणि विधेयक मांडणारे सिनेटर कॉनेस यांना ते परिचित होते. आठ वर्षांनी हीच युक्ती जास्त उघडपणे वापरली गेली. १८७१मध्ये हेडनच्या सर्वेक्षण मोहिमेबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा फोटोग्राफर आणि थॉमस मोरान हा चित्रकार यलोस्टोनला गेले. त्यांचं काम काँग्रेसच्या सदस्यांसमोर ठेवलं गेलं आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

खटल्यात जमिनीचा पुरावा देणाऱ्या माणसाची विद्या अशी देशाच्या कामी आली. यावेळी अशील होता डोंगर.

फ्रेममधून कोण गेलं

वॉटकिन्सचे हे फोटो आज मोठ्या रेझोल्यूशनमध्ये इंटरनेटवर सहज मिळतात. फोनवर उघडा आणि बोटांनी मोठे करून पाहा. पहिली गोष्ट दिसेल ती आभाळ. ते पांढरं आहे, कोऱ्या कागदासारखं. ढग नाहीत, रंगछटा नाही. कारण ओल्या काचेला फक्त निळ्याच्या बाजूचा प्रकाश दिसायचा. निळं आभाळ तिच्यासाठी भगभगीत दिव्यासारखं, ते जळून पांढरं व्हायचं.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागतो, कारण ती नसण्याची गोष्ट आहे. त्या दरीत जणू कोणी राहतच नाही.

ती रिकामी नव्हती. अवाह्नीची लोक तिथे राहत होते, आणि वॉटकिन्स येण्याच्या फक्त दहा वर्षं आधी, मार्च १८५१मध्ये, मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्यांना हुसकायला दरीत शिरली होती. सोन्याच्या खाणवाल्यांना ते लोक नको होते. तुकडीनं वस्त्या जाळल्या, साठवलेलं धान्य जाळलं. प्रमुख तेनाया याचा धाकटा मुलगा गोळी लागून मेला. तुकडीतल्या लाफायेट बनेल या माणसानं पुढे हे सगळं लिहून ठेवलं. त्यात एक प्रसंग आहे. पकडलेल्या तेनायाला तो सांगतो की या सुंदर तळ्याला आम्ही तुझं नाव देणार आहोत. त्यावर तेनाया म्हणतो की तळ्याला नाव आधीच आहे. नकाशावर आज ‘तेनाया लेक’ असंच आहे.

यातला सर्वात चक्रावणारा भाग पुढेच आहे. वॉटकिन्सच्या फोटोत दरीचा तळ मोकळा दिसतो. गवताची कुरणं, मध्ये विखुरलेले ओक, पलीकडे कडे. पाहणाऱ्याला वाटतं, काय हा निसर्गाचा बगीचा! तो बगीचाच होता. अवाह्नीची लोक दरवर्षी ठरवून छोट्या आगी लावत. त्यामुळे झुडपं माजत नसत, ओकची झाडं टिकत आणि त्यांची फळं, म्हणजे त्यांचं मुख्य अन्न, मिळत राही. माणसं गेली, आग बंद झाली आणि सूचिपर्णी झाडांनी कुरणं गिळायला सुरुवात केली. त्याच जागी कॅमेरा ठेवून अभ्यासकांनी पुन्हा फोटो काढले, तेव्हा काही ठिकाणी समोरचा कडा झाडांमागे गडप झाला होता.

म्हणजे ‘मानवी स्पर्श न झालेली भूमी’ म्हणून जो फोटो देशभर गाजला, तो खरं तर नुकत्याच हाकललेल्या माणसांच्या शेकडो वर्षांच्या कामाचा फोटो होता. वॉटकिन्सनं खोटं काही केलं नाही. समोर दिसलं ते काढलं. पण दिसण्याआधी काय झालं होतं, हे काचेवर उमटत नाही.

१९०६ आणि १९१६

वॉटकिन्सच्या हातीही फार काही उरलं नाही. १८७०च्या दशकातल्या मंदीत त्याची गॅलरी आणि निगेटिव्ह सावकाराच्या ताब्यात गेल्या. मग टेबर नावाचा दुसरा फोटोग्राफर त्यांच्या प्रिंट स्वतःच्या नावानं विकू लागला. काच ज्याची, फोटो त्याचा. वॉटकिन्स पुन्हा त्याच दरीत गेला आणि तेच कडे नव्यानं काढू लागला. पुढे त्याची दृष्टी जात गेली.

१८ एप्रिल १९०६च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. त्यात वॉटकिन्सचा स्टुडिओ आणि आयुष्यभराच्या काचा नष्ट झाल्या. जवळजवळ आंधळा झालेला हा म्हातारा काठी टेकत, कुणाच्या तरी आधारानं रस्त्यावरून चालला आहे, असा त्या दिवसांतला एक फोटो आहे. पुढे त्याला नापाच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. जून १९१६मध्ये तो तिथेच वारला. कबरीवर नावही नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ ऑगस्टला, अमेरिकेच्या ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ची स्थापना झाली.

त्या भूकंपात चार वर्षांचं एक पोर बागेच्या भिंतीवर आदळलं आणि त्याचं नाक मोडलं. ते जन्मभर वाकडंच राहिलं. १९१६च्या उन्हाळ्यात आईवडील त्याला योसेमिटीला घेऊन गेले आणि त्याच्या हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला. त्याचं नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स.

१० एप्रिल १९२७ रोजी हाच अ‍ॅडम्स बर्फातून चढून हाफ डोमसमोर पोचला. काचेच्या दोनच प्लेट शिल्लक होत्या. पहिली त्यानं पिवळा फिल्टर लावून घेतली. मग त्याला जाणवलं की यात कडा येईल, पण तो पाहताना जे वाटतंय ते येणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यानं गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. आभाळ जवळजवळ काळं झालं आणि त्यातून कडा उसळून बाहेर आला.

वॉटकिन्सचं आभाळ पांढरं, अ‍ॅडम्सचं काळं. खडक त्याच दरीतले. आणि दोन्ही आभाळं तिथे उभ्या राहिलेल्या कोणालाही तशी दिसली नसती. फरक इतकाच की पहिल्याला रसायनानं पर्याय ठेवला नव्हता, दुसऱ्यानं ठरवून निवडलं. फोन आज आपोआप सात-आठ एक्स्पोजर जोडून आभाळ निळंशार करतो, तेव्हा ती निवड आपल्यासाठी कुणीतरी आधीच केलेली असते. हे माझ्याच व्यवसायातले लोक करतात, म्हणून खात्रीनं सांगतो.

अ‍ॅडम्सनंही वॉटकिन्सचाच मार्ग धरला, फक्त जाणूनबुजून. किंग्ज कॅन्यन वाचवायला तो १९३६मध्ये फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेला. १९३८मध्ये त्याचं सिएरा नेवाडावरचं पुस्तक आलं, ते मंत्री हॅरल्ड इक्स यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोचलं आणि १९४०मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या त्या गाजलेल्या दृश्यांतही माणूस औषधालाही सापडत नाही. योसेमिटीत मात्र माणसं होती. मूळच्या लोकांची उरलीसुरली वस्ती उद्यान प्रशासनानं १९६९मध्ये नामशेष केली.

रिकाम्या फ्रेमचं काय करायचं

हे फक्त तिकडचं म्हणून सोडून देता येत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५चं. त्याचं नाव गोंडांच्या देवावरून आलंय, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी आतली काही गावं उठवून बाहेर वसवली गेली. आपल्या फीडमध्ये ताडोबा येतो तो वाघाचे डोळे आणि मागे धूसर बांबू एवढाच.

मग हे फोटो वाईट का? मला तसं म्हणवत नाही. ते नसते तर योसेमिटीच्या तळात आज लाकडाच्या वखारी असत्या, आणि किंग्ज कॅन्यनमध्ये कदाचित धरण. फोटोनं जमीन वाचवली हे खरं आहे. त्याच फोटोनं ती कुणाची नव्हती असं जगाला पटवलं, हेही खरं आहे. यातलं एक सांगताना दुसरं खोडायची गरज नाही.

योसेमिटीत १९७०पासून उद्यान प्रशासन स्वतःच ठरवून छोट्या आगी लावू लागलं. अवाह्नीची लोक जे करत, तेच शास्त्रीय नावानं परत आलं. आणि १९६९मध्ये पाडलेल्या वस्तीच्या जागी त्यांच्या वंशजांनी आपलं गोल सभाघर पुन्हा उभारायला घेतलं आहे. कड्याच्या पायथ्याशी, झाडांत. कधी तिकडे गेलात तर एल कॅपिटनचा फोटो जरूर काढा, पण कॅमेरा थोडा खालीही वळवा.