मासे मोजणारा माणूस आणि तहसीलदार

नाशकात बसून मासेमारीच्या कायद्यावर कसली पीएचडी करतेस, हे मला दर लग्नात कुणीतरी विचारतंच. तर ऐका.

डॉ. व्ही. एस. सोमवंशी हे भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे महासंचालक होते. समुद्रात मासा किती, कुठे, याचा अंदाज घेणं हे या संस्थेचं काम. कोकणात पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद पेटला, तेव्हा राज्य सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. पर्ससीन म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून पिशवीसारखं आवळायचं जाळं. मग किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला काय उरणार? समितीने सांगितलं, परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणा. 5 फेब्रुवारी 2016 ला आदेश निघाला: पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर.

पण मी अडकले ते दुसरीकडेच. 1981 च्या कायद्यात बेकायदा बोट पकडायची मत्स्य विभागाने, आणि निवाडा करायचा तहसीलदाराने! सातबारे, दाखले, निवडणुका यांतून वेळ काढून. हा अधिकार मत्स्य विभागाकडे यायला 2021 ची दुरुस्ती लागली. मधली पाच वर्षं तालुक्याच्या कचेऱ्यांतच गेली. माझं पुढचं प्रकरण त्याच फायलींवर आहे.