शीग, सपाट आणि दाण्याचे कूट

एक वाटी दाणे म्हणजे किती ग्रॅम, या प्रश्नाला एकच आकडा देणारे तक्ते आज सहज सापडतात. आकडा चुकला की दोष वाटीला दिला जातो आणि मापाने मोजण्याची जुनी पद्धतच ढिसाळ होती असे मानले जाते. मला हा निष्कर्ष मान्य नाही. महाराष्ट्रात माप आणि वजन शेजारी शेजारी नांदत होते. मापी शेराच्या बाजूला चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे अशी भांडी होती, तर तराजूवरचा शेर वेगळा. उलट वजनच किती डळमळीत होते पाहा. ब्रिटिश अमलातला प्रमाण शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. पण मुंबईचा 40 शेरी मण 28 पौंडांचाच असल्याने तिथला शेर जेमतेम 318 ग्रॅम भरे. मापाच्या व्यवहारात निदान भांडे डोळ्यांसमोर असे, आणि ते शीग लावून भरायचे की सपाट, हे दोघांना आधीच ठाऊक असे.

अमेरिकेने हाच प्रश्न स्वयंपाकघरात सोडवू पाहिला. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी 1896 च्या आपल्या पाकपुस्तकात कप आणि चमचे काठोकाठ सपाट भरण्याचा आग्रह धरला. शिगेचा प्रश्न त्यामुळे मिटला, दाण्याच्या आकाराचा मात्र उरला. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत एक कप अख्खे बदाम 143 ग्रॅम, त्यांचे काप 92 आणि पूड 95 ग्रॅम दिली आहे. यावरून बारीक केले की कप हलका होतो असे वाटेल, पण अक्रोड ते खोटे ठरवतो: अर्धुके 100 ग्रॅम, चिरलेला 117 आणि पूड फक्त 80. वेडीवाकडी अर्धुके एकमेकांत बसत नाहीत, तुकडे मधल्या पोकळ्या भरतात आणि पूड पुन्हा हवा धरून फुगते. गुणाकाराचा एकच आकडा इथे चालणारच नाही.

मग सगळे वजनावरच का घेऊ नये? 1 एप्रिल 1962 पासून दुकानांतली वजने देशभर मेट्रिक झाली आणि आता घरोघरी काटे आले आहेत. काजू कतलीसारख्या पदार्थात, जिथे साखरेचे प्रमाण जरा चुकले की वडी बिघडते, मीही काट्याच्याच बाजूने आहे. पण वजनही दाण्याची अवस्था सांगत नाही. शेंगदाणे भाजले की पाणी उडते, टरफल पाखडले की आणखी घट येते. तेव्हा ‘200 ग्रॅम दाणे’ हे कच्चे की भाजून सोललेले, हा प्रश्न राहतोच. प्रत्येक घरची वाटी निराळी, हा आक्षेप त्याहून वजनदार. तरीही सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर प्रमाण टिकते. ते मोडते अर्धी कृती वाट्यांत आणि अर्धी ग्रॅममध्ये लिहिल्यावर. म्हणून माझी अपेक्षा कृती लिहिणाऱ्यांकडून आहे: ‘एक वाटी अक्रोड, चिरून’ आणि ‘एक वाटी चिरलेला अक्रोड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरच्या आकड्यांनुसार त्यांत जवळजवळ सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो.