जेरुसलेमचा नाही, आर्टिचोकही नाही: एका कंदाचा इतिहास

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलं की पहिला प्रश्न पडतो: एखाद्या गोष्टीचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण नावापासून करतात. मीही तेच केलं आणि तोंडावर आपटलो.

माझा विषय आहे अमेरिकेतून युरोपात गेलेली खाद्यपिकं. त्यातलंच एक ‘जेरुसलेम आर्टिचोक’. झाड सूर्यफुलाच्या जातकुळीचं, माणसापेक्षा उंच. जमिनीत आल्याच्या गड्ड्यासारखा दिसणारा कंद. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं की सूर्यफुलाच्या ‘जिरासोले’ या इटालियन नावाचा अपभ्रंश म्हणजे ‘जेरुसलेम’. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला: ‘पुरावा?’ शोधलं तर कळलं, रेडक्लिफ सॅलमन यांनी १९४० मध्येच ही व्युत्पत्ती नाकारली होती. त्यांच्या मते ते नाव टरन्यूझन या डच गावावरून आलं. म्हणजे मी ज्याला तथ्य समजत होतो, तो वादाचा मुद्दा निघाला.

फ्रेंच नाव तर आणखी फसवं. फ्रेंचमध्ये या कंदाला ‘तोपिनांबूर’ म्हणतात. १६१३ मध्ये ब्राझीलमधल्या तुपिनांबा जमातीच्या सहा जणांना पॅरिसला आणलं गेलं. त्यांना बघायला गर्दी लोटली, आणि त्याच सुमारास शहरात नवा असलेल्या या कंदाला त्यांचंच नाव चिकटलं. कंदाचा ब्राझीलशी काहीही संबंध नव्हता. तरी लिनियसने १७५३ मध्ये त्याचं मूळ ब्राझील असंच नोंदवलं!

खरं मूळ उत्तर अमेरिकेत. १६०५ मध्ये सॅम्युअल द शांप्लेन आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या नॉसेट लोकांच्या शेतात मका, घेवडा, भोपळा यांच्यासोबत त्याला हे कंद दिसले. चव आर्टिचोकसारखी, अशी नोंद त्याने केली. ‘आर्टिचोक’ हा भाग या तुलनेतूनच आला. आता बघा, ज्यांनी हे पीक लावलं, जपलं, त्या लोकांचा मागमूसही या नावांत कुठेच नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मला उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडलं: खाणाऱ्यांच्या पोटात. इंग्लंडमधल्या जॉन गुडियरने १६१७ मध्ये दोन छोटे कंद मिळवून लावले. पीक भरघोस आलं. पण १६२१ च्या टिपणात त्याने तक्रार केली की कसेही शिजवून खा, पोटात दुर्गंधीयुक्त वारा धरतो आणि पोट दुखतं. हे डुकरांनाच घालावेत. पहिल्यांदा वाचून मी हसून सोडून दिलं होतं. पण हे निरीक्षण पक्कं आहे. या कंदात पिष्टाऐवजी मुख्यतः इन्युलिन असतं. ते पचवणारं एन्झाइम आपल्याकडे नाही, त्यामुळे ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. याच कुटुंबातली द्रव्यं आपल्या कांदा-लसणातही असतात. फक्त आपण ते भाजीसारखे वाटीभर खात नाही.

आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर वाटीभर खायचीच वेळ आली. जर्मन फौजा बटाटे उचलून नेत, आणि मागे राहिलेल्या तोपिनांबूरवर लोकांना दिवस काढावे लागले. पीक चिवट, मातीत राहिलेला तुकडाही पुन्हा फुटतो. त्याने लोकांना जगवलं. पण युद्धानंतर त्या पिढीतल्या अनेकांना तो नजरेसमोरही नको झाला. हा तिरस्कार निव्वळ चवीचा म्हणता येत नाही. त्यात पोटाचा त्रास आहे आणि उपासमारीची आठवणही.

तर मित्रांनो, नाव हाही पुरावाच आहे, पण तो नाव देणाऱ्यांबद्दलचा. वस्तूच्या जन्माबद्दलचा नव्हे. आणि जुन्या कागदातली ‘पोट बिघडलं’ ही क्षुल्लक वाटणारी ओळ टाकून देऊ नका. माझ्या प्रकरणाची सुरुवात आता तिथूनच होते.