कोळसा थांबला तर चंद्रपूरचं काय होणार?

खेड तालुक्यातलं कुरुळी हे चाकण औद्योगिक पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात आता इलेक्ट्रिक गाड्याही बनतात. मात्र इथले कारखाने ज्या ग्रीडवर चालतात, त्यातली बहुतांश वीज अजूनही कोळशापासून तयार होते. त्यासाठी चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत खाणी चालतात. कोळशाचा वापर कमी झाला, तर तिथल्या लोकांचं काय?

कोळसा लगेच बंद होणार आहे का?

नाही. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. पण २०७० पर्यंत 'नेट झिरो' गाठण्याचं उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये जाहीर केलंय. शिवाय प्रत्येक खाणीचं आयुष्य ठरलेलं असतं. त्यातला कोळसा संपला की ती बंद होतेच.

फटका कोणाला बसेल?

विदर्भातल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजेच 'वेकोलि' ही सरकारी कंपनी चालवते. खाण बंद झाली, तर तिच्या कायम कामगारांची दुसऱ्या खाणीत बदली होऊ शकते. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शनही असते. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, गॅरेजवाले आणि खाणावळवाले यांना असा आधार नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्रही कोळशावरच चालतं.

नवीन नोकऱ्या मिळणार नाहीत का?

मिळतील, पण कुठे हा खरा प्रश्न आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम चाकणला आणि खाणी शेकडो किलोमीटर दूर चंद्रपूरला. काम गेलेल्या प्रत्येकाला घरदार सोडून तिथे जाणं जमणार नाही. म्हणूनच 'जस्ट ट्रान्झिशन'ची, म्हणजे न्याय्य बदलाची मागणी होते. खाण बंद होण्याआधीच त्याच भागात पर्यायी रोजगार उभा करायचा, असा त्याचा अर्थ.

पैसा कुठून येणार?

जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून कोळसा सोडण्यासाठी २०३८ ही मुदत ठरवली. कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंत मदतही मंजूर केली. आपल्याकडे २०१५ पासून खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. पण तो रॉयल्टीच्या प्रमाणात जमा होतो. म्हणजे कोळसा घटला की निधीही आटणार. त्यामुळे कौशल्य प्रशिक्षण आणि नवे उद्योग यांवर तो खर्च करायचा असेल, तर खाणी सुरू आहेत तोवरच करावा लागेल.